लाईट आली तरी वरच

देऊळघाटचे उकंडराव एकतीस वर्षं लाईनमन होते. वादळवाऱ्यात गावाची लाईट गेली की सबस्टेशनला लाईन बंद ठेवायला सांगून ते खांबावर चढत. काम झाल्यावर खाली उतरून त्यांनी फोन केल्याशिवाय लाईन चालू होत नसे. घरी बल्ब लागला की विमलबाई पीठ मळायला घेत. "अंधारात भाकर थापता येत नाही काय तुले?" असं ते घरी आल्यावर बायकोला चिडवत. विमलबाई नुसत्या हसत.

परवा रविवारी दुपारी नात सुचितानं दोघांना टीव्हीवर एक जुना सिनेमा लावून दिला. पाठीवर झूल बांधलेला एक माणूस आभाळात उडत होता, हातानं आगगाडी अडवत होता. असला सिनेमा उकंडरावांनी जन्मात पाहिला नव्हता, तरी ते निवांत शेंगा फोडत बसले होते.

मग तुटलेली तार जोडायला तो माणूस टॉवरवर गेला. त्यानं ती नुसत्या हातानं धरली आणि सगळं शहर उजळलं.

"लाईन बंद न करता? बेअक्कल हाये हा!" उकंडराव उखडले.

विमलबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "अवो, लाईट आली, अन् तो तर वरच हाये अजून!"

"आजी, त्याले काही होत नाही," सुचिता हसली.

आजीनं मनगट सोडलं नाही. उकंडरावांची शेंग तशीच हातात राहिली. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, ही उजेडाची वाट पाहते.