तंजावरला निघण्याआधी

आजोबांच्या श्राद्धाला अप्पा दरवर्षी आदल्या दिवशी तांबरमहून सकाळच्या गाडीने तंजावरला, काकांकडे जायचे. वीस वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. तरी त्यांची तयारी म्हणजे धोतर, पंचा आणि चष्मा. बाकी सगळं मी बघायची. इन्सुलिनची पेनं थंड पिशवीत, सुया, साखर तपासायचं मशीन, ग्लुकोजची पुडी, वरच्या कप्प्यात बिस्किटं. मला या कामाचा गर्व होता, आणि बॅग भरता भरता मी अप्पांचं डोकं खायची.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. श्राद्धाच्या आदल्या दिवशी कर्त्याने एकदाच जेवायचं, तेही सोवळ्यातलं. म्हणजे सकाळी इन्सुलिन घेऊन दुपारपर्यंत पोट रिकामं! त्या वर्षी मी सरळ दम दिला, गाडीत इडल्या खाणार नसाल तर तिकीट फाडून टाकते.

"सरी मा, सरी, बरं बाई," ते म्हणाले. "गुरुजींना विचारलं मी. वय झालं, सूट आहे म्हणाले."

मी जिंकले म्हणून खूश झाले. तांबरमच्या फलाटावर, बाकावर बसवून, त्यांच्या पोटात नेहमीचा डोस मीच टोचला. गाडीत बसल्याबरोबर खायचं, असं बजावून इडल्यांचा डबा हातात दिला. त्यांनी खिडकीतून हात हलवला.

दोन-अडीच तासांनी तिकीट तपासनीसाचा फोन आला. शेजारच्या प्रवाशाला वाटलं होतं, म्हातारा गाढ झोपलाय. साखर पार उतरून ते बेशुद्ध पडले होते; विलुपुरमला उतरवून त्यांना इस्पितळात नेलं होतं.

मी पोचले तेव्हा डबा जसाच्या तसा होता. बिस्किटं बॅगेत नव्हतीच. सोवळ्याच्या धोतराला शिवू नयेत म्हणून ती त्यांनी काढून घरीच ठेवली होती. मी गुरुजींना फोन केला. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. इतका संताप आला की अप्पांना गदागदा हलवावंसं वाटलं. पण जन्मात खोटं न बोललेला माणूस माझ्या तोंडाला भिऊन खोटं बोलला होता.

अप्पांनी डोळे उघडलेच नाहीत. सहाव्या दिवशी ते गेले.

कागद भरताना तरुण डॉक्टरणीने विचारलं, शेवटचं इन्सुलिन कोणी दिलं?

"मी."

"त्यानंतर त्यांना खाताना पाहिलंत?"

"नाही," मी म्हणाले. "गाडी सुटत होती."