शेवटचा सभासद शिकेपर्यंत

हरेश्वर आज पहाटे गेला. संगणक शिकायचे त्याचे राहूनच गेले.

लोक म्हणतील, त्याला ते नकोच होते. मी साक्षीला आहे. त्याला ते फार हवे होते.

ऐंशीच्या दशकाची अखेर. आम्ही दोघे कल्याणला एका बँकेत कारकून. बँकेत संगणक येणार अशी वार्ता होती आणि आमच्या युनियनचा त्यास कडवा विरोध होता. हरेश्वर युनियनचा सेक्रेटरी. दुपारी गेटवर त्याचा आवाज घुमे, "संगणक हटवा, नोकऱ्या वाचवा!"

आणि संध्याकाळी, ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून, तो थेट ठाण्याला कोपरीच्या एका क्लासमध्ये 'बेसिक' ही संगणकाची भाषा शिकायला येई.

माझ्याबरोबर.

"शत्रूची भाषा यायला नको का, शास्त्रीबुवा?" तो म्हणे. माझ्या नित्य स्तोत्रपाठांमुळे नि प्रवचनांमुळे ऑफिसात मला हेच नाव पडले होते.

क्लासमध्ये चपला बाहेर काढून जावे लागे. थंडगार खोली, यंत्रांची मंद गुणगुण. गाभाऱ्यात आल्यासारखे वाटून माझे हात आपोआप जोडले गेले.

"अहो, नमस्कार कसला करताय? उद्या याच्याच नावाने बोंब मारायचीय आपल्याला!"

मी लहानपणापासून पाठांतराने शिकलेला. पहिला प्रोग्रामही मी ओळींच्या क्रमांकांसह मुखोद्गत केला आणि शिकवणाऱ्या बाईंना खडाखडा म्हणून दाखवला.

"छान," बाई म्हणाल्या. "आता टाइप करून रन करा."

टाइप केले, पण पुढे बोट सरेना. एक अक्षर चुकले तर अनर्थ होतो, या संस्कारात मी वाढलेलो.

हरेश्वरने माझे बोट धरून बटण दाबले. "चुकू द्या की! मशीन आहे ते, शाप नाही देत."

पडद्यावर 'सिंटॅक्स एरर' उमटला. बाकी काहीही झाले नाही. माझी भीती तेथेच सरली.

त्याने स्वतः मात्र आपले नाव छापायची आज्ञा दिली आणि थांबायची दिलीच नाही. पडदाभर हरेश्वर, हरेश्वर, हरेश्वर.

"बाई, हा तर आमच्या सभासदांपेक्षा जोरात घोषणा देतोय हो!"

इतके प्रसन्न मी त्याला गेटवर कधीही पाहिले नाही.

पुढे कुणीतरी आम्हांला कोपरीत पाहिले. गेट मीटिंगमध्ये रेकॉर्ड रूमचे ढवळे उभे राहिले. निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ.

"सेक्रेटरी, तुम्ही कॉम्प्युटर शिकता म्हणे?"

"हो. शिकतो."

"मग तुमची नोकरी राहील. आमचं काय?"

हरेश्वर खोटे बोलू शकला असता. शत्रूच्या भाषेचा विनोदही करू शकला असता. तो ढवळ्यांकडे वळला.

"आपला शेवटचा सभासद शिकेपर्यंत मी त्या मशीनला हात लावणार नाही," तो म्हणाला.

टाळ्या कडाडल्या. मीही वाजवल्या.

नव्वदच्या दशकात संगणक आलेच. विरोध मावळला, ट्रेनिंग सुरू झाले. एकेक जण शिकला. ज्यांना जमेना, त्यांना हरेश्वर माझ्याकडे पाठवी आणि स्वतः दारात उभा राहून पाही.

ढवळे मात्र न शिकताच निवृत्त झाले.

मी म्हटले, "हरेश्वर, आता तुझा शब्द पुरा झाला. ये, बस."

"ढवळे शिकले कुठे, शास्त्रीबुवा? ते तर रिटायर होऊन गेले."

संगणकावर बसावे लागेल म्हणून प्रमोशन नाकारून तो शेवटपर्यंत टपालाच्या इनवर्ड-आउटवर्डच्या टेबलावर बसला. निवृत्तीनंतरही त्याने कधी की-बोर्डला हात लावला नाही. घरच्यांना तो हट्ट वाटे.

दिलेल्या शब्दाची थोरवी मी आयुष्यभर प्रवचनांतून सांगत आलो. आज ती सांगायला जीभ रेटत नाही. त्या दिवशी गेटवर इतकी माणसे होती. 'एवढा मोठा शब्द देऊ नकोस' असे म्हणणारा एकही निघाला नाही.

हरेश्वर, ज्यांना तू शब्द दिलास ते सारे शिकले, अथवा तुझ्याआधी गेले. आता कुणालाही बांधील राहू नकोस.

मित्रा, सुखाने जा. तुला साश्रू नमस्कार.