फाडलेलं पान

कोरगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा माझी मिजास एकच होती: मी मुलांना घोकायला लावत नाही, हाताने करायला लावतो. ‘पुस्तकावर जाऊ नका, करून बघा,’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा फेकायचो. हळदीत चुना कालवून ती लाल करायची, चार लिंबांवर इवलासा दिवा पेटवायचा. मुलं खूश, पालक खूश, मी तर हवेतच.

सातवीतली एक मुलगी मात्र मला नकोशी झाली होती, कारण प्रयोग संपला तरी तिचे प्रश्न संपत नसत. तिची आई काजूच्या ओल्या बिया फोडून गर काढायची. त्यांच्या सालीतला चीक लागला की कातडी भाजते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकदा तिने विचारलं, “सर, हाताक खोबरेल लायल्यार फोड येनात, अशें आवय म्हणटा. कित्याक?”

आई म्हणते तसे खोबरेलाने फोड का येत नाहीत, याचं मला उत्तर येत नव्हतं आणि तसं सांगायला जीभ रेटेना. “मला काय विचारतेस? करून बघ!” मी खेकसलो. वर्ग हसला. मला ते आवडलं.

तिने केलं. दोन दिवसांनी आली तेव्हा डाव्या हातावर रुपयाएवढ्या दोन जागा होत्या. एकीला आधी खोबरेल लावलेलं, ती नुसती लालसर. दुसरी कोरडी ठेवलेली, तिथे टरारून फोड. वहीत वेळ, रंग, दुखणं, सगळं टिपलेलं. इतका नेटका प्रयोग मी जन्मात केला नव्हता.

“सर, आवय खरें सांगता,” ती म्हणाली.

मागोमाग तिची आई शाळेत आली आणि आम्हा दोघांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं गेलं. “सर, तुमी हिका अशें करूंक सांगलें?”

मुलगी माझ्याकडे बघत होती. घाबरलेली मुळीच नव्हती. मी हो म्हणणार, याची तिला खात्री होती.

“मी कशाला सांगेन? हिचेच नसते उद्योग,” मी म्हणालो.

आईने तिथेच तिच्या कानाखाली वाजवली. मी वही मागून घेतली, ते पान फाडलं आणि वर तिलाच समज दिली. तेव्हा मला वाईट वाटलं नाही. सुटलो, एवढंच वाटलं. आता लाज वाटते, पण तिला त्याचा काय उपयोग?

त्यानंतर तिने एकही प्रश्न विचारला नाही. वार्षिक परीक्षेत मी मुद्दाम घातलं: ‘तुम्ही स्वतः केलेल्या एका प्रयोगाचे वर्णन करा.’ तिने हळद आणि चुना लिहिला, मी फळ्यावर लिहून दिला होता तसाच, शब्दन् शब्द.

मी पैकीच्या पैकी गुण दिले.