बोकडाच्या गालावर टिकलेली गोळी

स्टोव्हवर पोह्यांची फोडणी तडतडली आणि दाराची कडी वाजली. दारात शेजारचे हंबीरराव, हातात झाकलेली ताटली. एकाहत्तरच्या लढाईनंतर फौजेतून सुटले. आता सांगलीतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर आहेत.

“वैनी, नळ जरा घिऊ का? आमचा कोरडा हाय.”

ताटलीत बोकडाचा गाल, आतली बाजू वर. त्यावर चिकटवलेली चपटी पांढरी गोळी. पोहे खायची इच्छा उडाली, पण मी बघत राहिले. त्यांनी गोळीवर थेंब थेंब पाणी सोडलं. माझी भांडी घासून झाली, तरी गोळी जागची हलली नाही.

“तोंड आलं की मलम लावा, लाळंबरोबर पोटात जातंय,” ते म्हणाले. “ही डिंकाची गोळी हिरडीला धरून बसंल. औषध जाग्यावर हळूहळू सुटंल.”

कधी बाभळीचा डिंक, कधी जवसाचा चिकटा. डॉक्टरांना विचारून पावसाळाभर हाच उद्योग. सगळा बायकोसाठी. तोंडातल्या फोडांनी सुलाबाईंना दुधात कुस्करलेली भाकरीही गिळवत नव्हती. हंबीरराव दवाखान्यात गेले की त्या गोळी लावायच्या, आणि ती लगेच निसटायची.

“बोकडाला धरती, हिलाच धरत न्हाई! तुमी लावून बगा की. औषध न्हाई ह्यात, नुसता डिंक.”

मी वरच्या ओठाआड गोळी दाबली. धुणं झालं, आमटी उकळली, गोळी तिथंच. मग सुलाबाईंचीच का निसटते? मला राहवेना. त्यांच्याकडे गेले, तर सुलाबाई मोरीशी बसलेल्या. बोट काळं, शेजारी मिश्रीची डबी.

“गोळीच्या आधी मिश्री लावता?”

“आवं मग? औषध लावायचं तर तोंड साफ नगं व्हय?”

जेवायला आलेले हंबीरराव माझ्यामागे उभे होते. डबी त्यांच्या रोजच्या बघण्यातली. म्हणूनच कधी दिसली नसावी. जळक्या तंबाखूच्या थरावर कुठला डिंक धरणार?

“बोकड मिश्री लावत न्हाई गं,” ते हळूच म्हणाले.

“त्येला सकाळी उठून चूल पेटवायची नसती!”

मला हसू फुटलं, तरी माझ्या ओठाआडची गोळी पडली नाही. हंबीरराव हसले नाहीत. तिच्यासमोर उकिडवे बसले.

“सुला, उद्या सकाळी तेवढी मिश्री लावू नगंस. गोळी मी लावतो.”