बिनडोळ्यांच्या किड्याला भेटायला तामियाच्या घाटात

सुटीत लोक समुद्र बघायला जातात, आम्ही तिळाएवढा आंधळा किडा बघायला गेलो. माझी पुतणी गार्गी गुहेतल्या बारीक जिवांवर पीएचडी करते. तिला त्यातल्या एका प्रकाराचा एक तरी पूर्ण वाढलेला नमुना हवा होता, त्यावाचून प्रबंध अडला होता. त्यात तो जिथं सापडतो त्या मध्य प्रदेशातल्या तामियाजवळच्या गुहेत पुढच्या महिन्यात पर्यटकांसाठी रंगीत दिवे बसणार होते. उजेड आला की शेवाळ येतं, शेवाळामागून बाहेरचे किडे येतात आणि मूळचे रहिवासी संपतात. कॉलेजची गाडी मिळेना, तेव्हा आमचे वसंतराव म्हणाले, "आपली गाडी कायले ठेवली आहे मंग?" आणि त्यांनी डिकीत आधी संत्र्यांची पेटी चढवली. नागपूरकर गुहेत काय, चंद्रावर निघाला तरी पेटी सोबत असते.

रामदासपेठेतून पहाटे निघालो. सावनेर, सौंसर, छिंदवाडा असा रस्ता आहे. छिंदवाड्यात पोहे-जलेबी पोटभर खाऊन घ्या, कारण तामियाच्या पुढं जेवणाची खात्री नाही. गुहेला तिकीट नाही, पाटीही नाही. शेवटचा टप्पा पायी आहे, तेव्हा बूट घाला. मी सँडल घालून गेले होते, म्हणून सांगते.

गाडीत गार्गीनं शिकवणी घेतली. "काका, पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून त्यांचे डोळे गेले, अंगावरचा रंगही गेला. मिशा मात्र लांबल्या. त्यांच्यावर वास घेणारे केस असतात. खाणं कुठं आहे ते वासावरूनच कळतं त्यांना."

"तुह्या काकूसारखं," वसंतराव म्हणाले. "मी बाहेर काय खाऊन आलो ते तिले दारातच समजते."

गुहेत गार्गीनं जागोजागी छोट्या बशा मांडल्या, त्यात कुजलेला पाचोळा आणि चीजचा कण ठेवला. रात्रभरात किडे वासावर येतील, असा बेत होता. आम्ही दोघी बाहेर पडलो आणि वसंतराव जरा मागाहून आले. तामियात मुक्काम केला. खोली साधी होती, गरम पाणी बादलीतून आलं.

सकाळी बघतो तर आमिष तसंच, एकाही बशीत किडा नाही. प्रत्येक बशीभोवती संत्र्याच्या सालींचं नीटनेटकं रिंगण होतं.

"मी म्हटलं, मुंग्या लागतीन," वसंतराव म्हणाले. "घरी साखरेच्या डब्याजवळ ठेवतोच ना आपण."

किड्यांच्या आमिषाचं किड्यांपासून रक्षण करणारा माणूस जगात एकच असावा आणि तो माझ्याच वाट्याला आला. मी काही बोलणार तोच गार्गी खाली बसली आणि रडायला लागली.

"काहून रडून राहिली वं? उचलतो ना मी साली."

"काका, साली उचलाल. वास कसा उचलाल?"

साली पिशवीत भरून वसंतराव गुडघ्यांवर बसले आणि टॉर्च घेऊन ओली भिंत बोटाबोटानं बघू लागले. घरी रिमोट शोधताना वाकत नाही हा माणूस. आम्हीही शोधत होतो. दुपार उलटली तेव्हा ते हळूच म्हणाले, "हा का?"

एका बशीच्या काठाशी पांढरा ठिपका चालला होता. शरीराहून लांब मिशा समोरची हवा चाचपत होत्या. पूर्ण वाढलेला होता. गार्गीनं त्याला ब्रशनं उचललं आणि अल्कोहोलच्या कुपीत टाकलं. वसंतरावांनी मान फिरवली.

नागपूरला परतल्यावर गार्गीनं आम्हाला प्रयोगशाळेत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली तो राक्षसाएवढा दिसत होता. डोळ्यांच्या जागी काहीच नव्हतं. मिशांवरचे केस मात्र एकेक मोजावेत इतके स्पष्ट होते. प्रबंध मार्गी लागला, गार्गी खूश होती, मीही होते.

वसंतराव बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. "याले संत्र्याचा वास आला नसंल का?"

"आला असणार, काका. म्हणूनच बाकीचे लपले."

"मंग हा काहून आला?"

गार्गीनं काचपट्टी काढून ठेवली. "भूक लागली असेल," ती म्हणाली.