आज तू वाढ

मी देवाचं सगळं वेळेवर करत आले, पण देव ऐकतो की नाही याची मला कधी खात्री नव्हती. लग्नात माहेरून आलेली पितळेची अन्नपूर्णा आपल्या देवघरात तांदळाच्या छोट्या राशीवर बसलेली तुम्ही पाहिली आहे. दर शुक्रवारी मी फ्रिज पुसते, गॅसची नळी तपासते आणि तिच्याखालचे तांदूळ बदलते. या तिन्ही कामांत मला विशेष फरक वाटत नसे. मुलांनो, आजोबा हरवले त्या दुपारबद्दल तुमच्या बाबांनी तुम्हाला जे सांगितलं असेल ते अर्धंच आहे, कारण मी त्यालाच अर्धं सांगितलं होतं. उरलेलं सांगायला लाज वाटत होती. आता लिहून ठेवते.

त्याआधी आपल्या घरच्या जेवणाचं थोडं सांगायला हवं. किरनापूरच्या घरी माझ्या सासूबाई गोळाभात करायच्या. हरभऱ्याच्या जाड पिठाचे गोळे भातावर वाफवायचे आणि ताटात घेतल्यावर वरून कडकडीत तेलाची फोडणी. तेल गार झालं की त्यात राम उरत नाही, म्हणून सगळे पाटावर बसल्याशिवाय त्या फोडणीचं लोखंडी कढलं चुलीवर ठेवतच नसत. शेतातून यायला एकाला उशीर झाला तर अकरा माणसं ताटावर वाट बघायची. मला तो वेळेचा अपव्यय वाटे. बालाघाटला वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा मी घर सुधारलं. ह्यांची खाणीतली ड्यूटी, मुलांच्या शिकवण्या, माझी शाळा, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या. मी स्टीलचे डबे आणले, प्रत्येकावर नाव आणि वेळ चिकटवली. कोणाला थांबावं लागत नव्हतं, जेवताना भांडणं होत नव्हती. कोणी बोलतही नव्हतं, हे फार उशिरा लक्षात आलं. आजकालची मुलं एकत्र जेवत नाहीत असं माझ्या वयाच्या बायका म्हणतात तेव्हा मी गप्प बसते. आपल्या घरातली पंगत मोबाईलने मोडली नाही, ती मी मोडली.

दोन वर्षांपूर्वी आजोबांचा विसर वाढला. साखरेचा आजार जुना होताच, पण आता इन्सुलिन माझ्या हाती आलं. साडेबाराला सुई, पाऊण वाजता ताट. सुई घेतल्यावर जेवण झालं नाही तर साखर झपाट्याने उतरते, माणूस घामाघूम होतो, बडबडतो, बेशुद्ध पडतो, आणि कोणी जवळ नसेल तर परत येत नाही. डॉक्टरांनी मला हे दोनदा सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. अडचण एवढीच होती की हे एकटे जेवायला तयार नसत. ताटावर बसले की रोज विचारायचे, "बाकीचे कुठी गेले? त्याईले बोलाव ना." मी त्यांच्यासोबत बसले असते तर कदाचित भागलं असतं. पण माझं जेवण दोनला, सगळी कामं आवरल्यावर. म्हणून मी रोज काहीतरी थाप मारायचे. पोरं आधीच जेवली, पाहुणे उद्या येणार आहेत. त्या दिवशी घाईत तोंडातून गेलं, "सगळे किरनापूरला आहेत, तुम्ही घ्या जेवून." सुई दिली होती. ताटावर झाकण ठेवलं आणि मी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले.

खाली आले तेव्हा झाकण तसंच होतं. दाराशी चपला नव्हत्या.

पहिली दहा मिनिटं मी मूर्खासारखी घरातच शोधत राहिले. न्हाणीघर, मागची बाग, पलंगाखालीसुद्धा. मग गल्ली, मग कोपऱ्यावरचं मेडिकल. शेजारची सून वर्षा माझा आवाज ऐकून बाहेर आली. ती रायपूरकडची, मराठी समजते पण बोलते हिंदीतच. मी रडत काहीतरी सांगू लागले तर तिने कारचं दार उघडलं. "अम्माजी, पहले बैठो. रोना गाड़ी में कर लेना." तलावाकडे जावं की देवळाकडे, असं ती विचारत होती, आणि तेव्हा मला माझंच वाक्य आठवलं. सगळे किरनापूरला आहेत. हे भटकायला गेले नव्हते. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून घरच्यांना जेवायला बोलवायला गेले होते.

स्टँडवर केळी विकणाऱ्या माणसाने सांगितलं की पांढऱ्या सदऱ्यातले दादाजी लांजीच्या बसमध्ये बसले, आणि ती बस सुटून दहा-पंधरा मिनिटं झाली. कोणी अडवलं का नाही, असं मी त्याला रागाने विचारलं. तो म्हणाला, अडवण्यासारखं काय होतं, सज्जन माणूस, नीट विचारून चढला. खिशात फोन नाही, नावाची चिठ्ठी नाही. ती चिठ्ठी लॅमिनेट करायला मी टाकली होती, नीटनेटकी व्हावी म्हणून.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडीत मी घड्याळच बघत होते. सव्वा, एक वीस, एक पंचवीस. या वेळेला घाम येत असेल, या वेळेला हात थरथरत असतील. पुढे धानाचे ट्रॅक्टर, मग फाटक बंद. वर्षा हॉर्न वाजवत होती आणि मालगाडी संपता संपत नव्हती. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी होती, साखर मोजायचं यंत्र होतं, सगळं होतं, फक्त ते नव्हते. फाटकाशी उभं असताना मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. आयुष्यात प्रथमच मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोणतंही स्तोत्र आठवेना. डोळ्यांपुढे ती वीतभर पितळेची मूर्ती आली, हातात पळी धरलेली, आणि मी मनात एवढंच म्हटलं, बाई, आज तू वाढ, माझ्याने झालं नाही. नवस बोलले नाही, काही कबूल केलं नाही. मग फाटक उघडलं.

किरनापूरच्या स्टँडवर लांजीची बस नव्हती, ती पुढे निघून गेली होती. तेवढ्यात वर्षाने चहाच्या टपरीमागच्या ओट्याकडे बोट दाखवलं. तिथे तुमचे आजोबा मांडी घालून बसले होते आणि समोर एक साठीची बाई, मध्ये फडक्यावर भाकरी, वांग्याची भाजी आणि उघडा डबा. आजोबांच्या मिशीला लाडवाचा चुरा लागला होता. मला बघून ते म्हणाले, "उशीर केला तू. बस आता, पंगत चालू झाली."

त्या बाईचं नाव शांताबाई. किरनापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या. लांजीला लेकीचं दुसरं बाळंतपण झालेलं, तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन निघाल्या होत्या. बसमध्ये शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला घाम फुटला, बोलणं अडखळू लागलं, हे पाहून त्यांनी लेकीचा डबा उघडला. साखर, सुई यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. मी रडत होते तर त्या मलाच समजावू लागल्या. "काहून रडून राह्यल्या बाई? जेवले ते. मले वाटलं, मोठ्या घरचं मानूस, माह्या हातचं खाईन का नाही. तं हे मलेच पुसते, तुमी जेवल्या का? मी म्हनलं नाही. तं म्हनते, मंग तुमी बी घ्या, नाही तं मी नाही खात. मंग म्या बी घेतला एक लाडू."

किरनापूर आल्यावर हे उतरले, आणि यांना एकटं कसं सोडायचं म्हणून त्याही उतरल्या. त्यांची बस गेली. मी हात जोडून म्हटलं, तुम्हाला देवीनेच पाठवलं. त्या हसल्या. "देवी कायले पाठवते मले? मी तं माह्या पोरीकडे चालली." मग भाकरीचा तुकडा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "घ्या. तोंड सुकलं तुमचं."

मी बसले. वर्षाही बसली. यंत्राने साखर मोजली ती जेवण झाल्यावर, आणि ती ठीक होती. डबा नेमका कधी उघडला, मी गाडीत जे म्हटलं त्याच्या आधी की नंतर, हे मी शांताबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. मला ओळखता ना, विचारल्याशिवाय राहणारी मी नव्हे. पण त्या दिवशी ते उत्तर माझ्याकडे नसलेलंच बरं वाटलं. शांताबाईंना आम्ही गाडीने लांजीला सोडलं.

आठ दिवसांनी मी डिंकाचे लाडू केले आणि आजोबांना घेऊन लांजीला गेले. लेकीच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, पाळण्यात मुलगी झोपली होती. शांताबाई जय भीम म्हणाल्या, मी नमस्कार केला, आणि लाडू देऊन निघायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. माझ्या सासूबाई अशा घरी पाणी प्यायल्या नसत्या. मी तसं मानत नाही असं चाळीस वर्षं सांगत आले, पण कोणी बस म्हटलं की 'वेळ नाही' म्हणून उंबऱ्यावरूनच परतत आले, हेही इथे लिहायलाच हवं. त्यांनी मला काही विचारलं नाही. सतरंजी पसरली. जावई आला, सासरे आले, शेजारची एक म्हातारी आली, आणि सगळे बसेपर्यंत भात झाकलेला राहिला. ताटं मांडली गेल्यावर मी आजोबांना सुई दिली. "आता द्या," एवढंच शांताबाईंना म्हटलं.

चिन्नोर तांदळाच्या भाताची वाफ, वर वरण, कांदा, मिरचीचा ठेचा. आजोबांनी कोणाचीच चौकशी केली नाही. दोन्ही बाजूंना माणसं होती, ते जेवत होते. पदर खोचून उठायची मला सवय, मी दोनदा उठू लागले आणि दोन्ही वेळा शांताबाईंनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. मला तेव्हा कळलं की लग्न झाल्यापासून मी सगळ्यांना वाढत आले, पण माझ्या ताटात दुसऱ्या कोणी वाढल्याचं आठवत नाही. सगळं माझ्यामुळे चालतं असं वाटत असलं की हात पसरता येत नाही. कृपा म्हणजे काय ते मी अजूनही सांगू शकणार नाही. पण ती वाढायला आली तेव्हा मी बहुधा स्वयंपाकघर आवरत होते, एवढं मला आता वाटतं.

पोट भरलं होतं. तरी शांताबाई भाताची पळी घेऊन पुन्हा माझ्यासमोर वाकल्या. मी ताटावर हात आडवा धरला नाही.