पराक्रमाचा रकाना

आमच्या कॉलनीत माणसांचे परिचय मी लिहिते. मला कोणी नेमलेलं नाही. शाळेत मराठी शिकवते, म्हणून ते काम गळ्यात पडलं. कोणी निवृत्त झालं, कोणाची पंच्याहत्तरी आली, कोणाची मुलगी दहावीला पहिली आली, की दारात माणूस उभा. "मॅडम, पाचच ओळी, पण जरा दमदार." दमदार म्हणजे नक्की काय, हे आजवर एकानंही सांगितलेलं नाही.

यंदा पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर माजी सैनिकांचा सत्कार करायचं मंडळानं ठरवलं. जुळे सोलापुरात निवृत्त फौजी पुष्कळ. पोरांच्या शिक्षणापायी गावं सोडून इथं घरं बांधून राहिलेले. आमच्या आसपासची बारा नावं निघाली. मंडळाचे अध्यक्ष आयुष्यभर सरकारी कचेरीत होते, त्यामुळं कागदाशिवाय त्यांना श्वासही घेता येत नाही. त्यांनी फॉर्म छापून आणला. नाव, हुद्दा, सेवेची वर्षं आणि खाली हाताएवढा मोठा रकाना: पराक्रम.

अकरा जणांनी तो रकाना कोरा ठेवला. "काय लिहायचं ताई? नोकरी केली," असं म्हणून फॉर्म परत. अध्यक्ष वैतागले. कोरा रकाना त्यांना चालत नाही. मग मीच बसले. माझ्याकडं पराक्रमाची चार वाक्यं तयार होती. रक्त गोठवणारी थंडी, गोळ्यांचा वर्षाव, प्राणांची पर्वा न करणं, शत्रूच्या नजरेला नजर भिडवणं. तीच आलटून पालटून अकरा जणांना वाटली. अध्यक्ष म्हणाले, "वा! याला म्हणतात लेखणी." मला त्यात काही गैर वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

बारावे माझे वडील. अण्णा. रकान्यात लिहायला काहीतरी होतं असे बारा जणांत ते एकटेच.

अण्णा फौजेत स्वयंपाकी होते. करमाळ्याकडच्या गावातून भरती झाले आणि सगळी नोकरी त्यांनी लंगरात काढली. फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. घरी ते हौसेनं कधी भाजी करायला लागले, की आई कपाळावर हात मारायची. चौघांपुरतं त्यांना करताच यायचं नाही. चाळीस जणांचा अंदाज हाताला बसलेला. मग आम्ही दोघं भावंडं डबे घेऊन सगळ्या गल्लीत वांगी वाटत फिरायचो.

लहानपणी मला त्यांची लाज वाटायची, हे सांगूनच टाकते. वर्गात बाईंनी विचारलं, वडील काय करतात? मी ऐटीत म्हणाले, मिलिटरीत आहेत. कोणत्या बंदुका चालवतात, असं एका मुलीनं विचारलं, तर दुसरी म्हणाली, "अगं, हिचे बाबा पोळ्या लाटतात." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. दोन वर्षं मला आचाऱ्याची पोरगी म्हणायचे. आता माझं वय सत्तेचाळीस. एवढ्यातेवढ्याचं काय घेऊन बसायचं, असं मी दुसऱ्या कोणाला नक्की म्हणाले असते.

फॉर्म घेऊन मी अण्णांसमोर बसले. त्यांनी चष्मा लावला, रकाना नीट वाचला आणि म्हणाले, "लिही की. बर्फात डाळ शिजत न्हाय, स्टो पेटत न्हाय, तरी माज्या हातनं एक बी जवान उपाशीपोटी ड्यूटीवर गेला न्हाय. बास. एवढंच लिही." मग थोडं थांबून म्हणाले, "लंगरात हुतो ते आधी लिही. न्हायतर लोकांला वाटंल मी बंदूक घेऊन पळत हुतो."

त्याआधी तीन ठिकाणच्या सत्कारांना ते गेले नव्हते. लोक अनुभव सांगा म्हणतात आणि स्वयंपाकाचं काढलं की पोरं चुळबुळतात, म्हणून. या वेळी लेक लिहिणार, म्हणून तयार झाले. पांढरा सदरा इस्त्रीला टाकून आले स्वतः.

मी खोलीत जाऊन लिहायला घेतलं. त्यांचं वाक्य लिहिलं. वाचलं. आधीच्या अकरा कागदांशेजारी ठेवून पाहिलं. आणि खोडून माझी चार वाक्यं लिहिली. त्या अकरांशेजारी त्यांचं वाक्य फारच साधं दिसत होतं, दुसरं काही कारण नव्हतं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "ते उपाशीचं लिवलंस न्हवं?" मी म्हणाले, हो, लिहिलं.

त्यानंतर आठवड्याभरात अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीतच मान टाकली. मी रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं, डॉक्टर नाही म्हणाले, परत आणलं. भावाला फोन केला. रजेचा अर्ज लिहिला, त्यात एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली, ती दुरुस्त केली. हे सगळं मला लख्ख आठवतं. रडू मात्र आलं नाही. माणसं येऊन गळ्यात पडायची आणि मी त्यांच्या खांद्यावरून पंख्याकडं बघत राहायचे. जिभेवर गरम चहा पडल्यावर दोन दिवस कशाचीच चव लागत नाही, तसं काहीतरी.

तेराव्यानंतर अध्यक्षांचा फोन आला. "मॅडम, यादीतून नाव काढायचं नाही. काकूंना बोलवू. तुम्ही फक्त नावाआधी 'कै.' लावा." सात रस्ता चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं सगळे परिचय टाइप करायला दिले होते, तिथं गेले. त्यानं पडद्यावर अण्णांचा कागद उघडला. "अजून काही बदल, मॅडम?" मी मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाले, नाही, एवढंच.

तेव्हा मला काही वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण नाहीच वाटलं.

अण्णा गेल्यानंतर पंधरा ऑगस्टला आई पहिल्यांदाच घराबाहेर पडली. पहाटेपासून तयार होऊन बसली होती. रिक्षात म्हणाली, "आज त्येंचं नाव निघंल गं चारचौघात. लंगर, डाळ, समदं." मी खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत राहिले.

मांडवात पहिल्या रांगेत आम्हाला बसवलं. सत्काराला शाल नव्हती, सोलापुरात चादर देतात, तशा बारा चादरी टेबलावर रचलेल्या. निवेदकाची पद्धत अशी, की आधी परिचय वाचायचा आणि नाव अगदी शेवटी घ्यायचं, म्हणजे लोकांची उत्सुकता टिकते. एकेक म्हातारा उठत होता, चादर घेत होता, कडक सलाम ठोकून खाली बसत होता. आईचे कान मात्र लंगर या शब्दाकडं.

मग निवेदकानं बारावा कागद घेतला. "रक्त गोठवणाऱ्या थंडीत, गोळ्यांच्या वर्षावात, प्राणांची पर्वा न करता..."

आई पदर सावरून ऐकत होती. मधेच तिनं च्च्च केलं. "लई सोसलं की ह्या मानसानं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "कोन गं ह्यो? आपल्याच कॉलनीतला व्हय?"

निवेदकाचा आवाज चढत गेला. शत्रूच्या नजरेला नजर आली, टाळ्या पडल्या, आईनंही टाळ्या वाजवल्या. मनापासून, दोन्ही हात उंच करून.

आणि मग त्यानं अण्णांचं नाव घेतलं.

आईचे हात तसेच राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं. निवेदकानं पुन्हा नाव घेतलं, "काकूंनी मंचावर यावं." दोन बायकांनी तिला धरून वर नेलं. अध्यक्षांनी वाकून चादर दिली, फोटोवाल्यानं इकडं बघा म्हटलं, तिनं बघितलं. खाली येऊन माझ्याजवळ बसली. चादरीची घडी तिनं जराही मोडली नव्हती. ती माझ्या मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाली, "ही त्या मानसाची हाय. त्येला दिऊन ये."